खोटा ठोका

गाडी बेतोड्याच्या दर्शनची. निळी, इतकी खाली बसवलेली
की स्पीडब्रेकरवर तिरकी घ्यावी लागते.
फर्मागुडीचा चढ, तिसरा गियर,
काटा चार हजार आठशेच्या पुढे गेला की
"मागून कुणी कॉलर धरल्यासारखी होते," म्हणाला.
हसला, पण फारसा नाही.
टर्बोचे हप्ते अजून फिटायचे होते.

कुंडईच्या शेडमध्ये रोलरवर चढवली,
चार पट्ट्यांनी जमिनीला बांधली,
आणि मी लॅपटॉप उघडला.
आलेख स्वच्छ बोलत होता:
तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये ठोके.
ज्वाळा पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण
आपलं आपण फुटतंय,
म्हणून भ्यालेला कॉम्प्युटर ठिणगी मागे ओढतोय,
दोन अंश, पाच अंश, सात.

मंगळवारी पेट्रोल काढून टाकलं, नवं भरलं.
बुधवारी इंजेक्टर धुतले, इंटरकूलरवर पाणी मारलं.
मिश्रण गडद केलं, बूस्ट उतरवला,
टायमिंग मीच दोन अंश मागे घेतलं.
ठोके तिथेच.
प्लग काढून उन्हात धरले, पोर्सेलीन कोरं पांढरं,
खरा ठोका मागे ठेवतो तसले
ॲल्युमिनियमचे बारीक काळे ठिपके, एकही नाही.
हे मी पाहिलं.
पाहिलं, आणि प्लग परत बसवले.
पडद्यावर लाल रेघ होती ना.

कायतानला ऐकू येत नाही.
बावीस वर्षं खनिजाच्या बार्जवर, इंजिनरूममध्ये,
कानांत कापूससुद्धा न घालता.
खाणी थांबल्या तेव्हा डावा कान गेलेलाच होता,
उजव्याला फक्त मोठ्याने दिलेली शिवी पोचते.
आमच्याकडे तो सायलेन्सर जोडतो,
वेल्डिंग करतो, चहा करतो.

गुरुवारी दुपारी त्याने हाताने खूण केली: चालव.
मी आत बसले. तिसरा गियर, पाय पूर्ण दाबून.
रोलर किंचाळले, शेडचे पत्रे थरथरले,
आणि आरशात दिसला तो,
हातभर लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरून
बॉनेटखाली वाकलेला,
टोक ब्लॉकवर टेकवलेलं,
डोळे मिटलेले.

टोक सरकवलं. थांबला. पुन्हा सरकवलं.
मी पाय काढला.

"हें पेट्रोल न्हय गो," तो म्हणाला,
"कितें तरी भायर हालता."

डाऊनपाइपचा ब्रॅकेट. त्याचा एक बोल्ट अर्धा सैल.
इंजिन जोर लावून अंग पिळतं
तेव्हाच तो ब्लॉकला टकटक करतो, नेमकी
सेन्सरला ठोक्यासारखी वाटेल त्याच पट्टीत.
एरवी, उभ्या गाडीत, मुका.
ठोक्यांसाठी बसवलेला तो एवढासा कान
चोख ऐकत होता.
अर्थ लावायचं काम माझं होतं.

बोल्ट बदलला, खाली वॉशर घातला.
दोन अंश परत दिले, मग आणखी एक.
रेघ सपाट राहिली, रोलरने
पंचेचाळीस घोडे जास्त मोजले.
दर्शनने दोनदा विचारलं, "इतकंच?"
बिलावर मी लिहिलं: बोल्ट, आठ एमएम, एक नग.
मजुरीच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडलं.
कायतान नळाखाली चूळ भरत होता,
तेलाची चव थुंकून टाकत.

शटर ओढल्यावर, कुणी नव्हतं तेव्हा,
माझ्याच जुन्या व्हॅनचं बॉनेट उघडलं.
प्लास्टिकची मूठ दातांत धरली, अजून थोडी ओली.
आधी ऐकू आला फक्त माझाच जबडा,
माझंच रक्त. इंजिन कुठेच नाही.
श्वास धरला.
मग कवटीच्या तळाशी, फार खालून,
चार जण जिना चढत असल्यासारखे आवाज,
आणि त्यातला एक
पाय किंचित ओढत.

सोमवारी व्हॉल्व्हचं अंतर बघायला हवं.