अर्धी पट्टी

मागच्या भिंतीपलीकडे येऊरचं जंगल,
अलीकडे कामेरकरांची गाडी,
आणि फांद्या दोन्हीकडे.
तोड म्हणाले. रोहिदासने कोयता मारला.
झाड काही बोललं नाही,
चीक तेवढा उडाला.

दोन दिवसांनी मनगट, मग कोपर,
मग गळा, जिथे घाम पुसला होता,
मग लघवीला गेलेला हात
जिथे जिथे गेला ते सगळं.
(हसू नका. पहिल्या दिवशी मी हसले होते.)

सासूने फोनवर एका शब्दात निदान केलं: उतलाय.
बिब्बा उतलाय. खोबरं चाव, तीळ वाटून लाव,
नख लावू नको.
नखं काढली. खोबरं संपलं.
रात्री दोन वाजता हा दाराच्या चौकटीला
पाठ घाशीत उभा, म्हशीसारखा, डोळे मिटून.
इतका सुखी मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

मानपाड्याच्या डॉक्टरीणबाईंची फी सातशे.
रोज एक गोळी, दहा दिवस. मग अर्धी, आणखी दहा.
"जिना उतरतो तसं उतरायचं,
उडी मारायची नाही."
मलम वेगळं, खाजेची गोळी वेगळी,
आणि तिने लिहिलेला साबण
आमच्या आठवड्याच्या बोंबलांएवढा.

ठक्कर मेडिकलमध्ये म्हटलं, अर्धीच द्या.
कात्री त्याच्या हाताशीच असते.
तारीख छापलेली बाजू
तो स्वतःकडे ठेवतो.
माझ्या वाट्याला पाच गोळ्या
आणि औषधाचं अर्धं नाव.
मलमाची ट्यूब शेवटी उभी कापली,
आतली भिंत बोटाने निपटून काढली.

पाचव्या दिवशी अंग सुकलं, खपल्या धरल्या.
आम्ही जिन्याच्या मध्यावरून उडी मारली.

नवव्या दिवशी परत. दुप्पट.
पापण्या इतक्या सुजल्या
की तो मला बांगड्यांवरून ओळखायचा.
कामेरकर म्हणाले, झाड तोडायला सांगितलं होतं,
अंगाला लावायला नव्हतं सांगितलं.
रोजंदारीवर आजारी पडत नाहीत,
गैरहजर पडतात.

त्या दिवशी ठक्करच्या दारात
सुट्ट्या पैशांसाठी थांबले आणि वर पाहिलं.
तारेत लिंबू, सात मिरच्या,
आणि सगळ्यात खाली, काळा, तुकतुकीत,
गल्ल्यावर नजर ठेवून: तोच.

"कितीला घेता हो हे?"
"दहाला, दर शनिवारी. पण पोरगं
तीन आठवडे फिरकलं नाही."
लिंबू सुकून सुपारी झालं होतं.

आता शुक्रवारी रात्री मी हातांना
कोपरापर्यंत खोबरेल चोळते,
दाभण गॅसवर तापवते.
बिब्ब्याला टोचलं की तो हळूच फुसकतो,
घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा.
रोहिदास पाच हात लांब, मोरीपाशी,
मिरच्या मोजतो: सात. सात. सात.
एकदा आठ मोजल्या. मी बोलले नाही.

वाघबिळापासून कासारवडवलीपर्यंत अडतीस दुकानं.
कुणी आठ देतो, कुणी जुनं लिंबू माझ्याच हातात देतो,
चार रस्त्यांवर टाक म्हणून.
ठक्कर पैसे देत नाही, वहीत वळते करतो.

परवा त्याने सवयीने कात्री उचलली.
म्हटलं, राहू द्या. अख्खी द्या.
दुकानाच्या पायरीवरच वाचली मी तारीख.
पुढल्या वर्षीचा ऑगस्ट.
एवढे दिवस होते तिच्यापाशी.

काल निरोप आला:
भिंतीपाशी बुंधा परत फुटलाय,
कामेरकर बोलावतायत.
रोहिदास उलटंसुलटं करून मनगट बघतो,
जिथे कातडी अजून दुसऱ्याच कुणाची वाटते,
आणि उत्तर देत नाही.

बाजारात बिब्ब्याचा भाव वाढलाय.
मी भांडी घासता घासता विचारते,
किती वर्षांनी धरतं रे ते?