अकरावं मिनिट

दहा मिनिटं नीट चालायचं.
अकराव्या मिनिटाला खोकायचं,
दाबाचा काटा अडतीसवरून विसावर, मग बारावर,
आणि पंख्याची पाती एकेक करून दिसू लागायची.

उम्म अल कुवैनच्या खाजणाकाठी, पत्र्याच्या शेडमध्ये,
खलफाननं सात वर्षं जोडत आणलेलं दोन माणसांचं विमान.
चाकांना ठोकळे, शेपटीला दोरखंड,
जमीन अजून सोडली नव्हती.
इंजिन गाडीचं, रोटरी. पिस्टन नाही, वर-खाली नाही;
तीन कोनांचा रोटर जात्यासारखा गरगरतो.
म्हणून मला बोलावलं. विट्याला बापाची गिरणी होती,
हे मी त्याला एकदा सांगून बसलो होतो.

गिरणीच्या इंजिनाला एकच रोग: हवा धरणं.
नट सैल करायचा, हातपंप मारायचा,
आधी फेस, मग बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार,
की आवळायचा.
इंधनाबद्दल बापानं दुसरं काही शिकवलं नाही.
तेलात हवा नको. बस.

तेव्हा मी हवाच शोधत राहिलो.
नळीचा जोडन् जोड सोडवला, पुन्हा बसवला.
पंप दोन, दोन्ही बदलले.
फिल्टर कापून उघडला, आत चिमूटभर वाळू,
तीही चुकून आल्यासारखी.
सावलीत सेहेचाळीस अंश. शाहदाद म्हणाला,
पेट्रोल नळीतच उकळतंय,
आमच्या तुर्बतला जीपवाले ओलं फडकं गुंडाळतात.
गुंडाळलं. फडकं चार मिनिटांत वाळलं.
अकराव्या मिनिटाला खोकलं.

नळी काढून डब्यात धार सोडली, घड्याळ लावून:
मिनिटाला साडेतीन लिटर. हवं त्याच्या तिप्पट.
बंद पडल्या पडल्या मोजली, तरी तेवढीच.
खलफान जुन्या टायरवर बसला.
खाऱ्या पाण्याचं गोडं करण्यात एकतीस वर्षं गेलेला माणूस.
म्हणाला, पंप खोटं बोलत नाही, उस्ताद,
आपण त्याला काय विचारतो ते बघ.

काय विचारत होतो?
दर वेळी आधी टाकीचं झाकण उघडायचो,
काठी घालून पेट्रोल किती ते बघायला.
मग धार.

त्या दिवशी झाकण लावूनच मोजली.
साडेतीन, अडीच, दीड, मग करंगळीएवढी, मग थेंब.
झाकणाला हात घातला, निघेना.
दोन्ही हातांनी पिळलं, तेव्हा टाकीनं
असा श्वास आत ओढला,
विहिरीत बुडता बुडता वर आलेल्या पोरासारखा.
शेडमध्ये कोणीच बोललं नाही.

पंखाखाली टाकीच्या हवेचं बोटभर नळकांडं.
त्याच्या तोंडाशी नाही, जरा आत,
कुंभारणीनं घर केलं होतं.
तारेनं उकरलं: मातीची तीन दालनं,
मधल्यात नांगी मारून बधिर केलेले नऊ कोळी
आणि त्यांच्यावर तांदळाच्या कणीएवढी अळी.
या मिठानं भुगा झालेल्या जमिनीत
हिला ओली माती मिळाली कुठे?
शाहदादनं बोट दाखवलं.
ए.सी.ची नळी ठिबकत होती,
खाली बशीएवढा चिखल.

मग चाळीस मिनिटं चाललं. पन्नास.
खलफाननं शेवटी स्वतःच बंद केलं,
आणि त्यांच्या रीतीनं माझ्या नाकाला नाक टेकवलं.
दोघांच्याही नाकाला ग्रीस.

वहीत मी लिहिलं:
हवेची नळी साफ केली. जाळी बसवली.
बापाला सांगायचं राहिलं,
की तेलाला हवा लागते, मागून,
जेवढं पुढे जातं तेवढी.
त्याची गिरणी उघड्या पिंपावर चालायची,
त्याला कळायची गरजच पडली नाही.

संध्याकाळी ती परत आली, तोंडात ओला गोळा धरून.
जाळीपुढे बराच वेळ घिरट्या घातल्या,
मग माझ्या टूलबॉक्सच्या कडीवर बसली.
ए.सी.ची गळतीसुद्धा माझ्याच यादीत आहे.
अजून केलेली नाही.