पोटहिस्सा

तीस वर्षं भूमी अभिलेखात मोजणी केली.
उमरेड, कुही, भिवापूरचे बांध
या पायांना पाठ आहेत.
म्हणून अकरा वर्षांपूर्वी
तुकडोजी पुतळ्याजवळच्या इस्पितळात
एक पोरगेलासा टेक्निशियन
माझ्या ओटीपोटावर निळे ठिपके गोंदू लागला, तेव्हा
झोपल्या झोपल्याच म्हटलं,
"खुणा पक्क्या गाड बाबू, पावसानं वाहून जाते."
तो हसला.
सदतीस दिवस किरणं घेतली.

प्रोस्टेटचा गट नंबर तिथंच बंद झाला.
पीएसए शून्याला टेकलेला,
रिपोर्टाची घडी सातबाऱ्याच्या फाइलीत.
पाचव्या वर्षी शकुननं
गल्लीभर सांबारवडी वाटली.

यंदा कूलरला नवा वाळा लावला त्या दिवशी
लघवी लाल.
"उन्हाळी लागली असन," शकुन म्हणाली,
धने-जिरे भिजत घातले.
तीन दिवस आम्ही दोघांनी
सगळं उन्हावर ढकललं.

डॉक्टर बैतुलेबाई कागदावर काढून दाखवतात:
हे प्रोस्टेट, हे लगत मूत्राशय.
जुना परतलेला नाही काका, हा वेगळा, नवा.
तेव्हाच्या किरणांचा थोडा भाग इकडेही पडतो,
कधीकधी, दहा-बारा वर्षांनी, एखाद्याला...
त्यामुळंच झालं, असं छातीठोक नाही सांगता येत.
तुम्ही बिड्याही ओढायचे.

मी कागद माझ्याकडे फिरवतो.
उत्तर दिशा दाखवलेली नाही.
बांधाची रेघ फार जाड.
"मोजणीआधी लगतच्या खातेदाराला
नोटीस बजावावी लागते, बाई.
गैरहजर असला, तर तसं पंचनाम्यात लिहायचं."
त्या शकुनकडे बघतात.
शकुन टेबलाखाली माझा गुडघा दाबते.

राग नाही.
अकरा उन्हाळे काही कमी नसतात,
नात सायकल शिकली त्यात,
शकुनचे दोन्ही मोतीबिंदू निघाले.
फक्त विचारलं, पुन्हा किरणं?
"त्या जागेला आता नाही देता येणार बहुतेक."
बरं.

रात्री न्हाणीत खुणा शोधतो.
दोन सापडतात.
तिसरी सुटलेल्या कातडीसोबत
कुठं सरकली कोण जाणे.
शकुन चष्मा लावून, टॉर्च घेऊन वाकते,
बोट टेकवते माझ्या कमरेवर.
"हा ठिपका हाये का तीळ?"
तीळ असन, मी म्हणतो.
ती बोट काढत नाही.