निरंक

मिरजेच्या हॉलमध्ये दोन दिवस
आम्हांला आभाळ शिकवलं.
एकोणीस पुरुष, दोन बायका, एक बंद पडलेला पंखा.
शिकवणारा पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा.
म्हणाला, ताई, वाटलं ते सांगू नका,
दिसलं ते सांगा.
आणि ‘बहुतेक’ हा शब्द
सगळ्यांच्या वहीतून खोडायला लावला.

मी शिलाईवाली, मला हे नवं नव्हतं.
गिऱ्हाईक म्हणतं, कंबर अठ्ठावीस असेल.
मी टेप लावते.

तेव्हापासून मार्च ते मे, रोज तीनच्या ठोक्याला
मशीनवर फडकं टाकून
पाण्याच्या टाकीच्या बेचाळीस पायऱ्या.
वर गेलं की मावळतीला दंडोबा,
उगवतीला जतकडचा उघडा माळ,
मध्ये हिरव्या जाळीची बेदाण्याची शेडं,
रॅकवर पसरलेलं गावाचं अख्खं वर्ष.
मी बघते,
ढगाचा तळ सपाट आहे की लोंबतोय,
कड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी घट्ट
की पिंजलेली.
वीज दिसली की मोजते,
एक टाका, दोन टाके, तीन टाके,
आवाज येईपर्यंत.

बहुतेक दिवशी,
नाही, मोजून सांगते,
ब्याण्णवातले त्र्याऐंशी दिवस काहीच नसतं.
मग तहसीलच्या नंबरावर एकच शब्द पाठवायचा:
निरंक.
नवरा म्हणाला, काही न्हाई हे सांगायला
बेचाळीस पायऱ्या?

पहिल्या वर्षी मी कळवलं,
काळा तळ, जतकडून, वेग वाढता.
भोंगा वाजला.
भूपाल चौगुल्यांनी चार टन माल ताडपत्रीखाली घातला
आणि ढग वळला अथणीकडे, पाव्हण्यासारखा,
दारात येऊन चप्पल न काढता.
आत उकडून बेदाणा तांबूस पडला.
मी दिसलं तेच सांगितलं होतं.
तरी त्यांच्या सुनांची ब्लाऊजं
त्या महिन्यापासून नाक्यावरच्या टेलरकडे जायला लागली.

यंदा सतरा एप्रिल, चार वाजून बावीस.
जतकडची कड अशी कापलेली
की कात्री कुणाची ते विचारावंसं वाटलं.
तळ लोंबता. खाली पांढरट पडदा.
कळवलं.
भोंगा. मग टाकीवरून दिसलं,
निळ्या पिवळ्या ताडपत्र्या उलगडत जाणारं गाव,
आणि एकच शेड, जिच्याकडे कुणी धावत नव्हतं.
ते आमचं.
नवरा तासगावला, सौद्याला.

अकरा टाके. मग आठ.
दहाच्या आत आली की खाली उतरायचं, असा नियम.
उतरले.
शेडाकडे नाही, शाळेच्या व्हरांड्यात,
कारण गार मोजायला कुणीतरी जागेवर लागतं.
पहिली पत्र्यावर. दुसरी पायरीवर.
शेजारी नाणं ठेवून फोटो काढायचा असतो.
नाणं नव्हतं.
ब्लाऊजच्या शिवणीला लावलेल्या सुया, दोरा
आणि खिशात एक सुटं बटण.
तेच ठेवलं. कळवलं,
कोटाच्या बटणाएवढी.
पलीकडून विचारणा, म्हणजे किती?
चार भोकांचं, मी म्हटलं, सव्वीस मिलिमीटर.
एवढं बोलेपर्यंत गार
शर्टाच्या बटणाएवढी उरली होती.

आमच्या शेडाचं काय झालं ते कळवलं नाही.
ते कुणी विचारलं नव्हतं.
अंधार पडता गेले तर
डावीकडच्या रॅका चिखल झालेल्या,
उजवीकडच्या झाकलेल्या,
ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ऑईलपेंटनं ‘भू. चौ.’
सकाळी घडी घालून परत दिली.
ते म्हणाले, ठेव तिकडं.
एवढंच.
ब्लाऊजं अजून नाक्यावरच जातात.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता
आभाळ धुऊन इस्त्री केल्यासारखं.
खाली माणसं रॅकांवरून सडलेला माल
खोऱ्यानं ओढत होती,
आमचा दीर, त्याची पोरं, मी ओळखत होते एकेकाला.
बोट जरा थांबलं बटणावर.
पण विचारलेलं आभाळाबद्दल होतं.
पाठवलं,
निरंक.