झाकण

टर्मिनल मी चाकांनी ओळखतो.
गेट पाचपाशी फरशी उजवीकडे उतरते,
डोळ्यांना कळत नाही, मनगटाला कळतं.
पुस्तकांच्या दुकानासमोर एक फट आहे,
तिथे खुर्ची जरा उचलायची,
नाहीतर बसलेल्याचे दात वाजतात.

चहाचा भाव मी कुणाला सांगत नाही.
पाणी दाखवतो, खांबामागचं:
डावी तोटी गार, उजवीला नुसता दिवा.
फोन चार्ज करायची जागा बाळांच्या खोलीला लागून,
तिथे बाप उभे असतात भिंतीला चिकटून
एका हातात वायर, एका हातात झबलं.
प्रार्थनेची खोली खालच्या मजल्यावर.
दुपारी सफाईवाला नवनाथ तिथे पाठ टेकतो.
देवाची हरकत नसावी.

परवा चिठ्ठीवर नाव आलं: इंदुमती फेगडे, जळगाव,
चालता येत नाही.
बाई दारातून तरातरा चालत आल्या
खुर्चीपर्यंत.
'पायाले काही नाही रे भाऊ.
पोरानं फोनवर खूण करून ठेवली, सोबतीसाठी.
इथं पाट्याच लई,
अन् एक वाचून होत नाही तं दुसरी येते.'
मग दबकत, 'बसू? बसायचे पैसे पडतात का?'
बसल्या. मांडीवर पिशवी,
पिशवीत स्टीलचे डबे.

तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी अडली.
गणवेशातली मुलगी झाकणं उघडत गेली,
मोठ्यात मधला, मधल्यात धाकटा,
धाकट्यात तिळाचा वास.
'इसमें क्या था?'
'बिबड्या. संपल्या.'
'तो खाली डिब्बा क्यों ले जा रहे हो?'
मी समजावायला तोंड उघडलं,
बाईंनी हात वर करून मला थांबवलं
आणि फार सोपं असल्यासारखं म्हणाल्या,
'भराले.'
मुलगी क्षणभर डब्यात बघत राहिली.
मग तिने शिक्का मारला.

बाथरूममधून बाहेर आल्या त्या हात झटकत:
'मागितलं तवा पाणी आलं नाही,
निघाले तवा आलं.'
असंच असतं इथे, मी म्हटलं.
तेवढ्यात जळगावचं गेट बदललं, नऊचं तेरा.
सगळी रांग बॅगा घेऊन उलटी पळाली,
आम्ही मात्र मागच्या उताराने,
जिथे फक्त बादल्या आणि आम्ही जातो.
काचेशी त्यांनी खुर्ची थांबवायला लावली.
पंख्याचं छोटं विमान उन्हात उभं होतं.
'एवढंसं? आमच्या गावची यष्टी मोठी याच्याहून.'
आवाजात तक्रार नव्हती, जरा दिलासाच.

शिडीपाशी उठल्या, पिशवी कमरेवर घेतली,
कठड्याला हात न लावता चढून गेल्या.
बसवाला ड्रायव्हर माझ्याकडे बघून हसला.
मी मान वळवली.

रिकामी खुर्ची डावीकडे ओढते,
पुढचं एक चाक थरथरतं.
माणूस बसलं की गप्प होतं.
पुस्तकांच्या दुकानासमोर मी ती उचलायला विसरलो
आणि काहीतरी खणकन वाजलं:
गादी आणि हाताच्या मधे
धाकट्या डब्याचं झाकण.

सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीत ग्लेनिस बसते.
फॉर्म माझ्यापुढे सरकवून ती जेवत राहिली.
वस्तू: झाकण, एक.
खूण: आत ठोकून लिहिलेलं इं. भा. फे.
कुठे सापडलं: खुर्चीत.
किमतीच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
'शून्य लिही,' ती म्हणाली.
शून्य लिहायचं नव्हतं मला.
रेघ मारली.

महिनाभर ठेवतात.
छत्री, अर्धी कवळी, एका पायाची चप्पल
आणि त्यांच्या मधे ते.
येता-जाता बघतो.
तिकडे जळगावात डबा भरला असेल एव्हाना,
वर ताटली पालथी घातली असेल
किंवा एखादा जुना नॅपकिन,
दोऱ्याने बांधलेला.