भिकशेटचं पाणी

आमच्या हेगिष्ट्यांच्या घरात थापेला एक खास शब्द आहे:
भिकशेटचं पाणी.
पोरगं म्हणालं, आज मास्तरांनीच लवकर सोडलं,
की काकू सुपारी कातरता कातरता विचारायची,
हे आणि कुठलं रे भिकशेटचं पाणी?

भिकशेट म्हणजे माझे खापरपणजोबा.
राजापूरची खाडी गाळाने भरत चालली तेव्हा
हळद, काथ्या आणि एक तराजू घेऊन बतेल्यात चढले,
उतरले ते मुहर्रकला.
शके सतराशे ब्याण्णव. वय एकोणीस.
बायको मागे राहिली. तिचं नाव वहीत कुठेच नाही.

वही माझ्याकडे आली, मोडीतली.
एका निवृत्त तलाठ्याने वाचून दिली,
पानाला वीस रुपये, चहा वेगळा.
वर श्री. मग तांदूळ, सुंभ, डांबर, खजूर,
मग माणसं.
'जासिम बिन राशिद, पाणबुड्या. उचल रुपये बावीस.'
तीन पानांनंतर जासिम नाही. त्याचा मुलगा आहे,
आणि बावीसचे एकतीस झालेत.
तलाठ्याने चष्मा पुसला.
व्याजाला पक्के होते हो तुमचे पूर्वज, म्हणाला.
मी आणखी एक चहा मागवला.

आणि दर चार-पाच ओळींनी, शाई बदलली तरी न चुकता:
'दर्यातले गोडे पाणी. मशक एक. पैसे तीन.'

घरच्या पत्रातही त्यांनी हेच लिहिलं होतं.
इथल्या विहिरी मचूळ. पण समुद्राच्या तळाशी झरा आहे.
पाणबुडे कातडी पिशवी घेऊन बुडी मारतात,
झऱ्याच्या तोंडाला पिशवीचं तोंड लावतात
आणि खाऱ्यातून गोडं घेऊन वर येतात.
पत्र देवळाच्या पायरीवर मोठ्याने वाचलं गेलं.
राजापूर हसलं.
ज्या गावात मनात येईल तेव्हा जमिनीतून गंगा उगवते
ते गाव तिच्यात न्हाऊन, ओलं पंचं खांद्यावर टाकून
हसलं, आणि दीडशे वर्षं हसतच राहिलं.

पुढच्या पत्रांत पाणी नाही.
रुपये पाठवले आहेत, पोचल्याचे कळवावे.
धाकट्याच्या खरजेला गंधक लावावे.
एवढंच.

मी इथे समुद्र गोडा करणाऱ्या कारखान्यात हिशेब बघतो.
रोज किती पाणी, किती वीज,
किती मीठ परत आखातात.
एका शुक्रवारी पाळीवरच्या युसुफच्या वडिलांनी,
खलफानचाचांनी, मला होडीत घातलं.
किनारा बोटभर उरला तेव्हा इंजिन बंद केलं.
बाजारी हिंदीत म्हणाले, इधर.
लहानपणी ओहोटीला इथे पोकळ बांबू खुपसून
ते पाणी प्यायले होते.
मग गावात खोल विहिरी खोदल्या, घरं वाढली, बागा आल्या.
झरा मागे मागे गेला.
कुठे गेला, मी विचारलं.
त्यांनी हाताने नुसतं खाली दाखवलं.

मी वाकून ओंजळ भरली.
कडू म्हणावं इतकं खारट.
तेवढ्यात काकूचा व्हिडिओ कॉल, वय नव्वद, फोन कानाला लावलेला,
मला दिसत होता फक्त तिचा कान.
कसं लागलं रे?
गोडं, मी म्हणालो. शहाळ्यासारखं.
कान बराच वेळ हलला नाही.
मग आवाज आला:
बघ हो. उगाच हसलो आपण त्याला.

परतताना खलफानचाचा सुकाणूवर गप्प होते.
त्यांच्या आजोबांचं नाव विचारायचं
दोनदा ओठांवर आलं.
विचारलं नाही.
एकतीस रुपयांचे आज किती होतील
ते मला काढता येतं.