आईकडून बघायचं

मिरबातहून वर चढताना सातव्या वळणावर समुद्र संपतो.
पुढे नुसतं धुकं, आणि धुक्यात घरांच्या आधी गायी दिसतात,
बुटक्या, तांबूस-काळ्या, माझ्या कमरेएवढ्या;
सुक्या तारल्या खाऊन
ज्यांच्या शेणालाही बंदराचा वास येतो.

मागच्या सीटवर नायट्रोजनची टाकी, पट्ट्यानं बांधलेली.
टाकीत सहा वळू आहेत.
एकही कधी डोंगर चढलेला नाही.

बखीतनं कॅटलॉग पाठ करून ठेवलाय:
जन्मवजन, चारशे दिवसांचं वजन, पुठ्ठ्याचा घेर,
स्वभाव शांत.
मला आटपाडीतली स्थळांची वही आठवते,
उंची, वर्ण, घरची बागायत, स्वभाव मनमिळाऊ.
माझंही पान होतं तीत. कुणीतरी कोपरा दुमडून ठेवला होता.
पुढे काही झालं नाही.

‘हा,’ बखीत बोट ठेवतो.
काळाभोर, बिनशिंगी, फ्रीजसारखा चौकोनी.
‘याची वासरं सलालाच्या खाटकाकडे दुप्पट भरतात.’

दुप्पट भरणारं वासरू आधी गायीतून बाहेर यावं लागतं,
हे मी म्हणायच्या आत त्याची आई म्हणते.

तुफूल. पायात मुलाचे जुने बूट.
ती एकेका कालवडीच्या शेपटीखाली चार बोटं धरून माप घेते.
हिची आई अडली होती.
हिच्या आजीचं मी कोपरापर्यंत हात घालून ओढलं,
निळं निघालं.
ती जिब्बालीत बोलते, बखीत अरबीत आणतो,
मला निम्मं कळतं, उरलेलं तिच्या बोटांवरून.
सात पिढ्यांच्या आया तिला नावानिशी पाठ.
बाप एकही नाही.

आमचे अण्णा बाजारात खोंड बघायला गेले
की दात, खूर, वशिंड, सगळं मागाहून.
आधी विचारायचे, याची आई कुठाय?

मग घरचाच वळू का नको?
कारण तो आता आपल्याच नातींवर जातो.
तीन वर्षांत दोन वासरं आंधळी जन्मली.
तिसऱ्याचं कुणी मला सांगितलं नाही,
फक्त खड्डा दाखवला.

म्हातारा मुसल्लम अजून काहीच बोललेला नव्हता.
योग्य वळू एकच होता, सगळ्यांना ठाऊक,
वादीच्या पलीकडे, त्याच्या भावाकडे.
त्या भावाचं नाव या घरात अकरा वर्षं निघालेलं नाही.
भांडण पाणवठ्यावरून. पाणवठा केव्हाच आटला,
दोन्हीकडे आता एकच टँकर येतो.

चहा झाला. पुन्हा चहा झाला.
एक शेळी माझ्या जीपच्या बॉनेटवर जाऊन बसली.
मग म्हाताऱ्यानं टाकीकडे बघत विचारलं,
‘यातलं गोठवलेलं किती दिवस टिकतं?’
‘वर्षानुवर्षं,’ मी म्हटलं. ‘जनावर मेलं तरी.’
‘हो,’ तो म्हणाला. ‘टिकतं.’

सोमवारी पिकअप आली, ताडपत्री लावलेली.
वळू उतरला, दवानं भिजलेला, रागावलेला.
सोबत सिल्हेटचा ड्रायव्हर. भाऊ आला नाही.
तुफूलनं एवढंच विचारलं, ‘याची आई?’
ड्रायव्हरनं फोन लावला.
पलीकडून आवाज आला, थेट मुसल्लमसारखा घोगरा,
एका गायीचं नाव घेऊन थांबला.
तुफूल बोटं मोजत राहिली.
‘आपल्याच लंगडीची पणती. लांबची आहे. चालेल.’
फोन मात्र कुणी लगेच बंद केला नाही.

दोन रुंद गायींना मी बखीतच्या आवडीच्या कांड्या भरल्या,
त्याचंही मन राहावं म्हणून.
बाकी अकरा पलीकडच्या वळूला.
जीपमध्ये बसून नोंद केली
आणि सवयीनं देवनागरीत लिहून गेले:
गाय तांबडी, बाप महादचा वळू.

मुसल्लम खिडकीशी आला, वही उलटी धरून बघितली,
मग सुलटी.
‘यात महाद कुठलं?’
मी दाखवलं.
तीन अक्षरांवर त्यानं अंगठा ठेवला,
तारल्यांच्या भुकटीनं माखलेला.
डाग अजून आहे.
गाय फळली की नाही, ते तीन आठवड्यांनी कळेल.